श्रिंक

फळ्यावर लिहिलं: श्रिंक, श्रँक, श्रंक.
लहान होणे, असा अर्थ सांगून
वळलो तर त्रिवेणी धकाते उभीच.

"लहान झालं, पन कोन झालं सर?
कापड असन तं आटते,
पूर असन तं ओसरते,
मोहफूल वाळते, लाजाळू मिटते,
आमची बुढी खंगली होती.
इंग्रजीत सगळ्यायले एकच?"

एकच, म्हणालो,
आणि उगाच खिडकीबाहेर पाहिलं.
पोळ्याला म्हशी शिंगापर्यंत बुडायच्या त्या बोडीत
आता गुडघाभर पाण्यात उभ्या.

हजेरीत यंदा नऊ नावं.
गेल्या साली सतरा.
केंद्रप्रमुख शेऱ्यात लिहून गेले, पट कमी.
झाला की केला,
ते क्रियापद त्यांनी गाळलं.

"दूधबी आटते सर,"
त्रिवेणी बसता बसता म्हणाली,
"पन मंग ते घट्ट होते."

तिसरं रूप उतरवून घ्या, म्हणालो.
नऊ माना वह्यांवर वाकल्या.
चिमटीतला खडू
नखाएवढा उरला होता.
झिजला म्हणतात त्याला आपल्यात.
कोणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.