शेवगा, एक नग

सांगलीच्या मार्केट यार्डात, अठरा नंबर गाळ्यामागे
एक शेवगा आहे, कुणी न लावलेला.
त्याच्याखाली मी डबा खाते.
सकाळपासून पोती मोजून डोक्यात आकडेच फिरत असतात,
म्हणून खोडावर चढणाऱ्या मुंग्याही मोजते.
त्याचा पगार मिळत नाही.

हळदीनं इथं सगळं पिवळं:
वहीच्या कडा, कुत्र्याचे पंजे,
दस्तगीरच्या भुवया.
मुंग्यांना हळद चालत नाही, हे आईनं शिकवलेलं,
साखरेच्या डब्याभोवती चिमटीनं ओढलेली रेघ.
इथं पोतं उसवलं की भुकटीचा पट्टाच पडतो.
रांग त्याच्या काठाशी थबकते,
मिशा हलवते, आपापसांत काहीतरी ठरवते
आणि लांबचा वळसा घेते.

त्या दिवशी एक सरळ गेली.

हळदीतून. पाय पिवळे करून घेत,
घरचंच कार्य असल्यासारखी.
घास हातात तसाच ठेवून मी वाकले.
काळी, सडपातळ, कमरेत चिमटलेली,
मिशा सारख्या नाचवत. सगळं बाकीच्यांसारखं.
फक्त चालता चालता मधेच थांबायची,
जिन्यात किल्ली आठवावी तशी.
खोडावरून फांदीवर गेली.
माझी सावली पडली तिच्यावर, आणि ती सुटली
खाली,
वीतभर,
आणि तिथंच हवेत लटकली. दोरावर.

मुंगीकडे कुठला दोर?

माझ्या फोनला भिंग असतं,
मोडक्या डीव्हीडी प्लेअरमधलं, मिरजेच्या भंगारात वीस रुपयांना घेतलेलं,
केसांच्या क्लिपात बसवलेलं.
त्यातून बघताना जग करंगळीच्या नखाएवढं उरतं
आणि त्यातलंही अर्धं धुकं.
ती आपलाच दोर गोळा करत परत फांदीवर आली.
श्वास घेतला की हरवायची.
सोडला की हरवायची.
मागून दस्तगीर, "काय पडलं मॅडम?"
"हलू नका!"
डोक्यावर पन्नास किलो घेऊन तो खरंच हलला नाही.
दोन्ही हात वर, पोत्याचे कान धरून,
माझं होईपर्यंत.

त्रेपन्न फोटो. बावन्न वाया:
डाग, डाग, माझा अंगठा, नुसती साल.
एकात ती आहे.
पडद्यावर पेन्सिलीचं टोक टेकवत मी मोजलं, थप्पी मोजतात तसं.
पुन्हा मोजलं.
मिशा म्हणून जे नाचत होतं, ते पाय.
पुढचे दोन, उचलून डोक्यावर धरलेले,
जन्मभर.
चालायला उरले सहा. बरोबर मुंगीइतके.
एवढा चोख हिशेब आमच्या पेढीवर कुणाला जमत नाही.
आणि समोर दोन डोळे, मोटारीच्या दिव्यांसारखे,
थेट भिंगात.
म्हणजे ती मला बघत होती. सगळा वेळ.

दस्तगीरनं पोतं उतरवलं, मान चोळली,
फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं.
"हात दुखत असतील की हिचं," म्हणाला.

रात्री पेढीच्या ग्रुपवर टाकला.
मगदूम साहेबांचा अंगठा आला.
"छान मुंगी, ताई. औषध मारून घ्या गाळ्यात."
खाली आणखी नऊ अंगठे.
मी लिहायला बसले, "साहेब, ही मुंगी"
इथपर्यंत आले
आणि पुसलं.
तिनं इतकं जमवलंय.
मी कशाला चुगली करू?

आज सौद्याला गर्दी. कर्नाटकच्या तीन गाड्या.
राजापुरी, पोती एकशे अठ्ठ्याऐंशी, दोन ओली, परत.
समासात, पेन्सिलीनं, बारीक:
शेवगा. एक नग. पाय आठ.
वजन काट्यावर उमटलं नाही.