मादीचा रकाना

भादव्यातली सकाळ, सव्वासहा.
ढोरखेड्याचा माळ.
कुसळी कमरेपर्यंत, पँट मांडीपर्यंत ओली,
माझ्या हातात वनखात्याचं रजिस्टर
आणि पुढं सुरमलकाका, चपला हातात घेऊन.

"बस," म्हणतात. बसतो.
"श्वास नाकानं घे. तोंडानं घेतला का त्याले आयकू जाते."

मग गवतातून एक काळा ठिपका
माणूसभर उंच उसळतो,
पंख फडफडतात, त्यातलं पांढरं दिसतं,
डोक्यामागचे बारीक तुरे वाकतात,
आणि हातून दगड सुटावा तसा खाली.
तणमोर.
मी लिहितो: नर, एक. सहा सदतीस.

थोड्या वेळानं पुन्हा.
दिवसभरात चारशे-पाचशे वेळा, काका सांगतात.
त्यांची मोजणी कुठल्या कागदावर नाही.
बापानं त्यांना आकडे असे शिकवले:
उडी मोजायची,
गवत कुठं दबलं ते बघून ठेवायचं,
आणि दबल्या गवतात
घोड्याच्या शेपटीच्या केसांचा फासा.
"तो फिरून त्याच जागी उतरते.
इमान असते त्याचं जागेशी.
तेच त्याले मारे."

उडी म्हणजे चिठ्ठी,
पण वर पत्ता नसतो.
ज्याला डोळे आहेत तो फोडून वाचतो.
बांधावरची खोकड वाचते, आधी कान, मग मान.
विजेच्या तारेवरचा ससाणा वाचतो.
मी वाचतो आणि वेळ टाकतो.
आणि जिच्यासाठी लिहिली
ती या सबंध माळात कुठंतरी खाली,
गवताच्या रंगाची, नरापेक्षा अंगानं थोर,
हालत नाही.

ती काय बघते?
उंची? उतरतानाचा तोल?
कितव्या उडीला दम लागला ते?
की एवढंच,
की इतक्या डोळ्यांसमोर इतक्यांदा उसळून
हा अजून जिता आहे?

काकांना विचारलं.
तंबाखूची चिमूट ओठापाशी थांबली.
"झुणकीनं मले काय पाहून हो म्हटलं
ते तिनं चाळीस वर्सांत सांगतलं नाही.
मी तवा लई उड्या मारत होतो, इतकं खरं."

मग आपणहून:
"तितराची हाक मी ओठातून काढो.
नर ये भांडाले, मादी ये भेटाले,
दोघंही एकाच फाशात.
पाय अडकला तरी मादी
इकडंच पाहे,
हाक देणारा कुठं हाये म्हणून."
चिमूट त्यांनी खाल्ली नाही. गवतात टाकून दिली.

उडीच्या टोकाशी तणमोर ओरडतो,
बेडकासारखं, टर्रर्र,
पार नाल्यापलीकडं ऐकू जातं.
मी म्हणालो, ओरडला.
काका म्हणाले, "ओरडला?"
पुन्हा उसळला, पुन्हा ओरडला.
काकांनी डावा कान वळवला, मग उजवा.
पानाखालचा उंदीर ऐकणारे कान ते.
"नाही," म्हणाले.
"माह्यासाठी तो आता मुकाच उडते.
तू आयक. मी पाहतो."

तसं आम्ही वाटून घेतलं.
कधी ते बोट करत आणि मला काही ऐकू येत नसे.
कधी मी मान वर करायचो
आणि ते गवताकडंच बघत असायचे.

नवाला ऊन लागलं. खोकड उपाशी गेली.
ससाणा कधी उठला, दोघांनाही कळलं नाही.
रजिस्टरात: नर, तीन. उड्या, एकशे बारा.
मादीचा रकाना रिकामा.
गेल्या सालीही रिकामा, त्याआधीही.
साहेब विचारतात,
तुमच्या माळावर मादी नाहीच का हो?

निघताना काका
मारवेलीच्या एका ठोंबाला लांबून वळसा घालतात,
सरळ वाट असताना.
चपला अजून हातातच.
मी विचारत नाही.
पेन खिशाला लावतो
आणि त्यांच्या पावलांवर पाऊल टाकत
मीही वळसा घालतो.