घेता का?

रक्ताची नळी पोस्टाच्या व्हॅनमधून गॉलवेला गेली,
गुरुवारी आकडा परत आला: एएलटी अठ्ठ्याऐंशी.
चाळिशीच्या आत असता तर डॉक्टर सोरखानं
फोनही केला नसता.

कॉनेमाराच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात
हीटर आधी वास देतो, मग ऊब.
ती चश्मा पुसते. जे विचारायला जीभ रेटत नाही
तेच आधी विचारावं लागतं:
"फेस्टी, घेता का?"

तो कोटाची कॉलर पुढे ओढतो.
बाराव्या वर्षी चर्चमध्ये शपथ घेतली, तेव्हाची टाचणी.
थेंबाला शिवणार नाही.
"कोलमनकडेही हीच होती," म्हणतो.

कोलमन, थोरला. पोटात पाणी होऊन गेला.
दाखल्यावर एकच शब्द, सिरोसिस,
बाकीचं गावानं भरलं.
आईनं पीटची अख्खी रास उपसली बाटलीसाठी.
सापडली नाही,
तेव्हा लोक म्हणाले, बघा, किती हुशारीनं लपवतो.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त.
मधल्या काळात गुडघ्याच्या गोळ्या बंद,
बायकोनं आणलेल्या हिरव्या कॅप्सूल बंद.
हेपॅटायटिस बी नाही, सी नाही,
सोनोग्राफीत यकृत किंचित मोठं, एवढंच.
आकडा ब्याण्णव.

मग ती तज्ज्ञांना पत्र लिहिते.
"रुग्ण दारू पीत नाही असे सांगतो."
वाचते. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर खोकतो.
शेवटचे दोन शब्द खोडते.

गॉलवेत डॉक्टर अडेयेमी हात मिळवतात
आणि सोडतच नाहीत.
अंगठ्याशेजारच्या दोन बोटांचे सांधे चाचपतात.
"कधीपासून दुखतात?"
"मेंढ्या कातरतो, दुखणारच."
"आणि हा रंग? उन्हात असता?"
"ऊन?" फेस्टी खिडकीकडे बघतो.
दोघंही हसतात.

फेरिटिन एकवीसशे.
लोखंड.
अर्धा दोष आईकडून, अर्धा बापाकडून,
दोघंही ठणठणीत.
घासाघासातलं लोह शरीर कंजूषासारखं साठवत राहिलं,
सांध्यात, कातडीत, काळजात.
आजाराचं नाव लांबलचक, ते चिठ्ठीवर लिहून देतात.
बरगडीवर यंत्र टकटक करतं, दार वाजवावं तसं.
आत अजून मऊ आहे.
दर आठवड्याला अर्धा लिटर रक्त काढून टाकायचं,
औषध म्हणाल तर तेच.

"कोलमनचं तपासता येईल?"
"नाही. बहिणींचं येईल. लवकर पाठवा."

रविवारी वृद्धाश्रमात तो आईच्या पलंगाशी बसतो.
एकोणनव्वद. ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा सांगतो,
दुसऱ्यांदा जवळजवळ ओरडून:
लोखंड होतं, आई. लोखंड.
पलीकडच्या दोघी वळून बघतात.

ती आपले तळहात उलटसुलट करते,
जणू पीटची माती अजून नखात आहे.
"मी उपसत होते ना," म्हणते,
"तो दारातच उभा होता.
काही बोलला नाही रे."