कोर

चुलीवर खिचडी चढली की आमचा खेळ सुरू.
अंगणवाडीच्या ओट्यावर खडूचं रिंगण,
जरा वाकडंच, कारण ओटाच वाकडा.
मी दोन शब्द म्हणते.
आवाज जुळला तर उडी मारून आत,
नाही जुळला तर बसा खाली.

बोर, मोर.
उडी.
बोर, चिंच.
दुर्गी तरी उडी मारते.
"दोन्ही आंबटच त असते, ताई!"
खरंच आहे तिचं.
"दुर्गे, शब्द तोंडात नको टाकू, कानात टाक.
चघळू नको, वाजव."
ती खिशातला चिंचोका काढून कानाशी धरते.

"ढोर!" कुंताबाई चुलीपासून ओरडते.
तिला कोणी खेळात घेतलेलं नाही.

आया वेचणीला गेलेल्या.
ओट्यावर बावीस लेकरं
आणि खांबाला पाठ लावून जंगू,
नाल्यापलीकडच्या गुड्यावरचा.
दिवाळीपासून येतो, बोलत नाही,
उडी मात्र चुकत नाही.
दुसऱ्यांचे पाय पाहून मारतो, असं मला वाटायचं.

आज म्हटलं, तुम्हीच सांगा, बोरसारखा शब्द.
चोर. दोर.
कोणीतरी म्हणालं, ट्रॅक्टर.
शेवटचा र तेवढा खरा.
मग खांबाकडून, हळूच:
कोर.

"वा! भाकरीची कोर," मी म्हटलं,
"चंद्राची कोर," हवेत काढूनही दाखवली.
त्यानं मान हलवली.
दोन्ही कोपरं उचलून फडफडवली,
मान पुढे, मागे, पुढे,
आणि सांडलेले तांदूळ टिपणाऱ्या
कुंताबाईच्या कोंबडीकडे बोट:
"कोर."

बावीस जण माझ्या तोंडाकडे.
आत जायचं की बसायचं?

नऊ वर्षं मी या गावात.
नाल्यापलीकडे कोंबडीला काय म्हणतात
ते आज कळलं.
"काहून थांबले? उडी!"
ओटा हादरला, खडू उडाला,
कोर बिचारी कुंपणापार.

संध्याकाळी रजिस्टर भरलं.
यमक ओळखतो: हो, थोडंफार, नाही.
जंगूपुढे हो.
दुर्गीपुढे पेन अडलं.
जिभेवर जुळतं त्याला रकाना नाही.

घरी जाताना नाल्यावर जंगू भेटला,
चड्डी वर खोचून खेकडे शोधत.
पाण्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय?
"येर."
तेवढंच. खेकडा महत्त्वाचा होता.

मग मी, धुऱ्याधुऱ्यानं:
येर, पेर.
येर, फेर.
येर...
तिसरा सापडला तेव्हा आपोआप उडी गेली.
कोणी पाहिलं नसावं,
डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन
मागून येणारी जंगूची माय सोडून.