काठावरून आत

लोटनने सुरतहून चौकोन पाठवले,
ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ, मिठाईच्या खोक्यात.
पहाटे पाचला मी चोपड्याच्या स्टँडवर.
आत सगळं घर,
दहा बाय दहा इंचांत कापलेलं.

फोनवर तो समजावत होता,
मागे उधन्याच्या मिलची घरघर:
कागदावर फोटो उलटा छापायचा,
तापल्या रोलरखाली घातला
की कापडावर सुलटा उतरतो.
पण कापड पॉलिस्टरच लागतं, ताई.
कापसावर ही शाई टिकत नाही,
दोन धुण्यांत माणूस फिका पडतो.

मी अडावदच्या अंगणात उभी.
रस्त्याने कापसाचे ट्रॅक्टर जिनिंगकडे चाललेले,
बाभळींच्या काट्यांना दोन्हीकडून पांढरं लागलेलं,
आणि आमची माणसं धरायला
त्यातला एक धागा चालेना.

मग कापूस पोटात घातला.
आईची दोन लुगडी, बापूंचं धोतर,
लोटनची शाळेची खाकी, खिशासकट.
चार कोपऱ्यांवर चार दगड.

आईचा फोटो एकच, मतदानाच्या कार्डावरचा.
मोठा केला तर नुसते ठिपके.
जवळून पाहावं तर दादर सांडल्यासारखी,
ओट्यावरून पाहावं तर आई,
रांगेत उभं केल्याचा राग अजून तोंडावर.

बापूंचा फोटो उलटा छापायला लोटन विसरला.
राजदूतचा नंबर वाचता येईना,
घड्याळ उजव्या हातात,
भांग भलतीकडे.
परत पाठवणार होते.
बेबाबाई म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे.
आरसामा तो सोताले असाच दखे ना.’

टाके घालायला बसलो आणि माझा हात अडला.
गालावरून सुई कशी न्यायची?
मी चेहऱ्यांना वळसा घालून शिवत होते,
वहीत समास सोडावा तसा.
बेबाबाईने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं.
‘टाका घाल वं बाई,
नही ते पोट सरकस.’
आणि तिने स्वतःच
बापूंच्या कपाळातून सुई आरपार काढली,
सरळ,
नांगराच्या तासासारखी.

गोधडी काठावरून आत जाते.
चौकोनात चौकोन, रोज चार बोटं.
मधला चौकोन शेवटी येतो.
मध्ये काय ठेवायचं ते लोटनने ठरवलं होतं,
मागे पेन्सिलने लिहिलं होतं: मधी.

माझ्या हळदीचा फोटो.
नलू गेली त्या आठवड्यात
बापूंनी तिला त्यातून कात्रीने काढलं.
नीट काढलं, मापात.
पण तिचा हात माझ्या खांद्यावर होता,
मला कापल्याशिवाय
तो निघत नव्हता.

लोटनने तेवढाच हात मोठा केला.
अख्खा चौकोन भरून बोटं,
करंगळीवर हळद, मनगटाला अर्धी बांगडी.
फोनवर तो याबद्दल काही बोलला नाही.
मीही विचारलं नाही.

तिथवर पोचलो तेव्हा संक्रांत झाली होती.
बेबाबाईने माझ्या सुईत दोरा ओवून दिला,
नेहमीपेक्षा लांब,
आणि शेळीला पाला टाकायला म्हणून उठली.
शेळी तिने दिवाळीतच विकली होती.

मी बोटांमधून गेले.
एक, दोन, अंगठ्याजवळ थांबले,
पुन्हा गेले.

गोधडीचा फोटो लोटनला पाठवला.
त्याने पुढे कुणाला पाठवला, ठाऊक नाही.
रात्री अकराला अनोळखी नंबरवरून दोन ओळी:
बांगडी निळी नव्हती.
हिरवी होती, तुझ्याच चुड्यातली.

दिवा लावून डबा उपसला.
लाल आहे, पांढरा आहे, काळा आहे.
हिरवा दोरा घरात नाही.
बाजाराला अजून चार दिवस.