बाईंच्या तोंडापुढचं कापड

रात्री साडेआठला शेजारचे माग जेवायला थांबतात.
तेवढा पाऊण तास वडगावात माणसाचा आवाज चालतो.
फुटाण्याच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा करायचा,
कानामागचं यंत्र चाचपायचं,
चुंबक केसांतून जागेवर चिकटला की
डोक्यात कुणीतरी पत्र्यावर वाळू ओतायला लागतं.

पुण्याहून केसकर बाई दिसतात.
"परशरामकाका, आज ओठ बघायचे नाहीत हं."
हे मी ओठांवरूनच वाचतो.
मग त्या भरतकामाची गोल चौकट तोंडापुढे धरतात,
तिच्यावर ताणलेलं पांढरं कापड.

आ.
आ, म्हणतो मी.
ऊ. ऊ.
म येतो, लांबून, घागरीत तोंड घालून म्हटल्यासारखा.
श येतो न येतो.
मग काहीच नाही.
कापड मात्र हललं,
मधोमध एवढासा फुगा आला आणि बसला.
"स," मी म्हणालो.
"काका, ऐकलंत की बघितलंत?"

तीस वर्षं मागावर काढली, बाई.
कापड पुढे धरलंत तर मी कापडच बघणार.
साठाचं सूत, उजवीकडे एक आडवा धागा तुटलेला,
विणणाऱ्यानं गाठ मारायचा कंटाळा केलेला.
तुमचा स तिथून बाहेर पडत असेल
आणि दुसरीकडेच जात असेल.

मागांनी कान खाल्ले असं लोक म्हणतात.
माग होते तेव्हा मला सगळं ऐकू यायचं,
कुठल्या धोट्यातली कांडी संपत आली तेसुद्धा.
ताप आला तो आठ वर्षांपूर्वी.
पंधरा दिवसांनी उठून कारखान्यात गेलो
तर धोटे पळत होते
आणि त्यांचा आवाज कुणीतरी उतरवून नेला होता.

ऑपरेशन हुबळीला झालं. फॉर्मवर रकाना होता, मातृभाषा.
कानडीतून शिकवणाऱ्या बाई तिथंच, जिन्याखाली बसायच्या.
मी मराठी लिहिलं.
आमच्याकडे त्या रकान्यात हात आपोआप चालतो,
विचारायला थांबत नाही.
म्हणून पुणं. म्हणून पाट, ताट, वाट.
"चहा."
"चा."
"चहा, काका."
चाच की तो.

शुक्रवारी फूल, मूल, पूल चाललं होतं.
त्या मूल म्हणाल्या, मी पूल म्हणालो.
त्या पूल म्हणाल्या, मी पूल म्हणालो,
बाई खूश झाल्या.
मी तिन्हीला पूलच म्हणत होतो.
तेवढ्यात पाठीमागून

मावा, ऊटा माड्तीरेन्री?

बंदे, मी म्हणालो.

आणि बसल्या जागी थांबलो.

नीलव्वा बैलहोंगलची. सून म्हणून आली
तेव्हा माझे कान जाऊन दोन वर्षं झालेली.
सहा वर्षं ती समोर येते,
पाच बोटं तोंडाशी नेते, मी उठतो.
आत्ता ती भाकरी थापत होती, तोंड भिंतीकडे.
आवाज जाडा आहे तिचा.
मी बारीक धरून चाललो होतो,
का कोण जाणे, मनगटांवरून असेल.

"काय बंद झालं, काका? मशीन?"
बंद नाही हो, बंदे.
येतो म्हणालो.
"कुणाला?"
चौकट त्यांनी खाली घेतली होती.
मी सांगितलं. त्यांनी वहीत कायतरी लिहिलं, बराच वेळ.
मग म्हणाल्या, सुनेला सांगा, रोज पाठमोरं बोलायला.
नीलव्वाला सांगितलं तर ती आधी घाबरली,
सासऱ्याकडे पाठ कशी करायची म्हणून.

फोन ठेवायच्या आधी विचारलं,
बाई, ते कापड कुठलं?
बाई बोलल्या आणि नेट गेलं.
ओठ उघडे, हात अर्धा वर, चित्र तसंच थांबलं.
"…करंजी" एवढंच आत आलं.
इचलकरंजी असेल, किनार तिथलीच वाटते.
किंवा कापडाचं राहिलं बाजूला,
घरात कुणी काय तळलं तेही सांगत असतील.
मंगळवारी विचारीन.

भाकरी निवत चालली.
पलीकडे पहिला माग सुरू झाला,
पत्र्यावर वाळू,
तिच्यात कुठंतरी धोटा.