तुळई आणि दिवा

ल्युब्लियानात नोव्हेंबरभर धुकं असतं.
नदीवरचा पूल अर्धाच दिसतो,
बाकीचा असणार, असं धरून आपण चालतो.

तळघरातल्या प्रयोगशाळेत मी एक तुळई बनवते
जी कुठेच नाही.
पोलादी, दीड मीटर, एका टोकाला जखडलेली,
अंगभर काळे ठिपके, देवी आल्यासारखे.
सगळं संगणकात. ठिपका न् ठिपका आकड्यांतून उगवलेला.
मग तिला हलवते
एका पिक्सेलचा शंभरावा भाग, खाली,
आणि गणिताला विचारते, सांग, किती हलली?
उत्तर मला आधीच ठाऊक असतं.

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात.
आमचा धंदा उलटा.
आधी आरसा पारखायचा,
त्यासाठी खोटं काकण घडवायचं,
खऱ्याकडे नंतर.

पहिल्या दिवशी गणिताला पैकीच्या पैकी.
झ्द्राव्को मागे उभा होता, चहाचा पेला दोन्ही हातांत.
चाळीस वर्षं त्यानं खऱ्या तुळयांवर तारेचे मापक चिकटवले,
डिंकाचा वास त्याच्या कोटाला अजून आहे.
म्हणाला, "फार स्वच्छ आहे गं.
अशी तुळई मी कधी पाहिली नाही.
धूळ कुठाय?"

धूळ घातली.
भिंगाच्या कडेचा बाक घातला,
अंधाऱ्या कोपऱ्यांत दाणेदार खरखर,
बाहेरून ट्रक गेला की
कॅमेऱ्याच्या तिपाईला येते ती शिरशिरी.
गणित चुकू लागलं, थोडं थोडं,
आणि मला बरं वाटलं.
एकदा तुळई हलवलीच नाही.
तरी ते म्हणालं, हलली, पिक्सेलचे चार सहस्रांश.
तो आकडा वहीत लिहून ठेवला:
काहीच घडत नसताना
काहीतरी घडल्यासारखं वाटतं, त्याचं माप.

मग खरी तुळई.
ठिपके झ्द्राव्कोनं ब्रशनं मारले,
दिवाही त्यानंच धरला,
स्टँड वरच्या मजल्यावरच्यांनी नेला होता.
मी हातोडीनं टिचकी मारली.
ती थरथरली सेकंदाला अकरा वेळा, हिशेबात होतं तसं.
पण आलेखावर आणखी एक टेकाड,
पाचच्या अलीकडे, बुटकं, पसरट.

तीन दिवस मी पाच शोधत होते.
पंखा नाही. पंप नाही. शेजारची लेथ बंदच.
पकड दोनदा आवळली.
खोट्या चित्रांत एकेक गोष्ट बिघडवून पाहिली,
तिपाई, भिंग, जमीन,
कुठूनच पाच येईना.

गुरुवारी रात्री, दुसरं काही सुचेना म्हणून
खोटा दिवा हलवला.
दोन अंश, सेकंदाला पाचदा, जरा अनियमित.
टेकाडावर टेकाड बसलं,
डब्यावर झाकण बसावं तसं.

आधी आनंद झाला. ते सांगायलाच हवं.
खुर्चीतून उठले, मूठ वळली.
मग पेला आठवला, दोन्ही हातांत धरलेला.

शुक्रवारी स्टँड परत आणला.
झ्द्राव्कोनं त्याचा स्क्रू पिळला, दिवा अडकवला,
मागे सरकून पाहिलं.
"किती आले?" माझ्याकडे न बघता विचारलं.
"पाच. पाचच्या जरा खाली."
"डॉक्टर सहा म्हणत होता," तो म्हणाला.
"घड्याळ बघून मोजलं त्यानं."
आणि टेबलावरचे नट-बोल्ट आकाराप्रमाणे लावायला बसला,
जे त्यानं कालच लावले होते.

अहवालात आलेख स्वच्छ आहे. एकच शिखर, अकरावर.
हलत्या दिव्याची चित्रं मी पुसलेली नाहीत,
तीनशे आहेत, पाच सेकंदांची.
त्यांत तुळई अगदी स्थिर,
फक्त उजेड तिच्यावरून जातो, येतो.
दोन अंश.
मी स्वतः लिहिलेले.